रोमचे घुमट आणि त्यांच्या भेगा



घुमट म्हटला की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम विजापूर उभे राहते. महंमद आदिलशहा १६५६ साली वारला आणि ज्या प्रचंड घुमटाखाली त्याला मूठमाती मिळाली, तो गोल घुमट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तेथील वाटाड्या सांगतो, की हा घुमट जगात दुसऱ्या क्रमांकाचा आहे आणि पहिला रोमला आहे. वाटाड्याच्या हिशेबात थोडी सूट धरावी लागते. आतील व्यास मोजला तर गोल घुमट सुमारे १२४ फूट भरतो. रोमचे पॅन्थिऑन, फ्लॉरेन्सचे कॅथीड्रल आणि रोममधलेच सेंट पीटर ही तिन्ही त्याहून मोठी आहेत. मात्र घुमटाखालच्या दालनाचे क्षेत्रफळ पाहू लागलो तर विजापूर पॅन्थिऑनच्याही पुढे जाते. तेव्हा त्या गरीब वाटाड्याला अगदीच खोटे पाडण्याचे कारण नाही. पण त्याच्या तोंडी रोमचे नाव येते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. घुमट या वस्तूचा इतिहास सांगायचा तर रोमला गेल्यावाचून गत्यंतर नाही, आणि म्हणून आज आपल्याला तेथेच जावयाचे आहे.

प्रथम घुमट म्हणजे काय, हे दोन शब्दांत पाहू. कमान आपल्याला माहीत आहे. वाड्याच्या दरवाज्यावर, वेशीवर, पुलाखाली ती असते. कमानीचे दगड एकमेकांना रेटून उभे राहतात, आणि हा रेटा शेवटी खाली, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर येतो. त्या भिंती बाहेर ढकलल्या जाऊ नयेत एवढे वजन त्यांच्या अंगी असले पाहिजे. हीच कमान स्वतःभोवती गरकन फिरवली की घुमट होतो. वरचा भाग एकमेकांना दाबून घट्ट बसतो. पण खालचा भाग सगळीकडून बाहेर फाकू पाहतो. पिंपाला लोखंडी पट्टे नसतील तर त्याच्या फळ्या जशा सुटतील, तसा. दगड, वीट आणि चुना यांना दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून घुमट फाकू लागला की त्याच्या पायथ्याशी उभ्या भेगा पडतात. या भेगा हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे. उंची, सोने, चित्रे यांची वर्णने प्रवासवर्णनांतून भरपूर सापडतात. मला सांगायचे आहे ते हे, की एका घुमटाला भेगा पडल्या तेव्हा साऱ्या युरोपातले शहाणे लोक कसे भांडले, आणि त्या भांडणातून काय निघाले.

आता पॅन्थिऑनकडे वळू. या इमारतीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत नाव कोरले आहे ते मार्कस अग्रिप्पा याचे. तो ऑगस्टस बादशहाचा जावई आणि सेनापती. त्याने आपल्या तिसऱ्या कॉन्सलपदाच्या वेळी, म्हणजे ख्रिस्तपूर्व २७ साली, हे देवालय बांधले असे तो लेख म्हणतो. शेकडो वर्षे विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला. पुढे १८९२ च्या सुमारास जॉर्ज शेदान नावाच्या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने भिंतीतल्या विटा तपासल्या. रोमन वीटभट्टीवाले विटांवर शिक्के मारीत, आणि त्या शिक्क्यांवरून विटेचा काळ ठरवता येतो. शिक्के निघाले अग्रिप्पानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांचे! अग्रिप्पाचे देऊळ जळून गेले होते. आज उभी आहे ती इमारत हेड्रियन बादशहाच्या काळात, इसवी सन १२५ च्या सुमारास पुरी झाली. तिचे काम त्याच्या आधीच्या त्राजानच्या शेवटच्या वर्षांत सुरू झाले असावे, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. हेड्रियनने जीर्णोद्धार केला, पण नाव मूळ कर्त्याचेच ठेवले. आपल्याकडे देवळाच्या पायरीला एक फरशी बसवून दिली तरी तिच्यावर आपले नाव घालणारे दाते असतात, त्यांनी हे ऐकून घेण्यासारखे आहे.

या घुमटाचा व्यास सुमारे १४२ फूट, म्हणजे ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक प्रचंड चेंडू ठेवला तर तो बरोबर बसेल. माथ्यावर सुमारे तीस फुटांचे एक वाटोळे भोक आहे. त्यातून ऊन येते, चांदणे येते आणि पाऊसही येतो. पाऊस आत पडत नाही अशी एक दंतकथा रोममध्ये ऐकू येते, पण फरशीला दिलेला उतार आणि तिच्यात पाडलेली पाणी जाण्याची छिद्रे पाहिली की बांधणाऱ्याचा त्या कथेवर विश्वास नव्हता हे स्पष्ट होते.

हा घुमट दगडांचा रचलेला नव्हे. तो काँक्रीटचा आहे. चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली की तो पाण्यातही घट्ट होतो, ही विद्या रोमनांना अवगत होती. आपल्या गवंड्यांनी चुन्यात विटांची सुरखी घालून जे साधले तेच त्यांनी नेपल्सजवळच्या आणि रोमभोवतालच्या राखेने साधले. परंतु खरी हुशारी पुढेच आहे. या काँक्रीटमध्ये घातलेली खडी सर्वत्र सारखी नाही. पायात जड ट्रॅव्हर्टाइन दगड. वर चढत जावे तसतसा हलका टफ आणि विटांचे तुकडे. आणि अगदी माथ्याजवळ टाच घासण्याच्या वजरीसारखा सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड, जो पाण्यावरसुद्धा तरंगतो. जाडीही खाली सुमारे वीस फूट, तर भोकाच्या कडेला चार-पाच फूट. आतून अठ्ठावीस-अठ्ठावीस चौकटींच्या पाच रांगा कोरून काढल्या आहेत. बाहेरून पायथ्याशी पायऱ्यांसारखी जाड कडी चढवली आहेत, म्हणजे घुमटाला जेथे फाकण्याची ओढ असते तेथे वजन मुद्दाम टाकले आहे. या माणसांजवळ बलगणिताचे पुस्तक नव्हते. होता तो हाताचा अनुभव, पडलेल्या इमारतींचा धडा, आणि कामगारांची फौज. लोखंडी सळई न घालता ओतलेला एवढा काँक्रीटचा घुमट जगात आजतागायत दुसरा झालेला नाही.

असे असूनही या घुमटाला भेगा आहेत. पायथ्याकडून वर जाणाऱ्या उभ्या भेगा त्याच्या अंगावर आहेत, आणि त्या पुष्कळ जुन्या आहेत. घुमट त्यांना घेऊन अठराशे-एकोणीसशे वर्षे उभा आहे. हे लक्षात असू द्या; पुढे लागणार आहे.

पॅन्थिऑन टिकले याला आणखी एक कारण झाले. ६०९ साली फोकास बादशहाने ते पोप चौथा बोनिफेस याला दिले, आणि देवांचे हे देऊळ कुमारी मेरीचे व हुतात्म्यांचे चर्च झाले. देवळाचे चर्च झाले म्हणून त्याचे दगड कोणी पळवले नाहीत. धातू मात्र पळवला. ६६३ साली कॉन्स्टन्स दुसरा हा पूर्वेचा ख्रिस्ती बादशहा रोमच्या भेटीला आला, बारा दिवस राहिला आणि जाताना घुमटावरचे मुलामा दिलेले पितळी पत्रे उतरवून घेऊन गेला. त्यानंतर हजार वर्षांनी पोप आठवा अर्बन याने ओसरीच्या छताच्या धातूच्या तुळया काढून त्यांच्या तोफा ओतल्या. हा पोप बार्बेरिनी घराण्यातला. रानटी बार्बारांनी जे केले नाही ते बार्बेरिनींनी केले, असा टोमणा तेव्हा रोमकरांनी मारला आणि तो आजही तेथे लोकांच्या तोंडी आहे. चित्रकार राफाएल १५२० साली येथेच पुरला गेला, आणि इटली एक झाल्यावर तिचा पहिला राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल यालाही १८७८ साली येथेच जागा मिळाली.

पॅन्थिऑननंतर त्याच्या तोडीचा घुमट इटलीत व्हायला तेराशे वर्षे लागली, आणि तोही रोममध्ये झाला नाही. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो उभारला. तो एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. तो आज सोडून देतो.

१८ एप्रिल १५०६ रोजी पोप दुसरा ज्युलियस याने रोममध्ये सेंट पीटरच्या नव्या मंदिराची कोनशिला बसवली. त्या जागी कॉन्स्टन्टाइनच्या काळापासूनचे, बाराशे वर्षांचे जुने मंदिर होते. ते पाडावयाचे आणि नवे उभारायचे हे काम ब्रामान्ते याच्याकडे आले. पॅन्थिऑनचा घुमट उचलून मॅक्सेन्शियसच्या भव्य सभागृहावर नेऊन ठेवायचा, असा त्याचा मनसुबा होता असे सांगतात. ब्रामान्तेने पाडण्याचे काम इतक्या झपाट्याने केले की लोकांनी त्याचे नावच ‘रुइनान्ते’, म्हणजे विध्वंसक, असे ठेवले. त्याने घुमट पेलणारे चार प्रचंड खांब आणि त्यांच्यावरच्या कमानी उभ्या केल्या, आणि १५१४ साली तो वारला. पुढे राफाएल आला, पेरुझ्झी आला, धाकटा सांगाल्लो आला. प्रत्येकाने नवा नकाशा काढला. खांब मात्र ब्रामान्तेचेच राहिले; फक्त प्रत्येकाने ते थोडे थोडे जाड केले.

पैशाचीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. हे बांधकाम चालवण्यासाठी पोप दहावा लिओ याने पापमोचनपत्रांची विक्री चालवली. जर्मनीत ही पत्रे खपवण्याचा जो बाजार मांडला गेला त्याविरुद्ध १५१७ साली मार्टिन ल्यूथर उठला, आणि पश्चिमेकडची ख्रिस्ती दुनिया दुभंगली. घुमट उभा राहण्याच्या पाऊणशे वर्षे आधीच त्याच्या नावाने पडलेली ही पहिली भेग. आणि ती काही लोखंडी कड्यांनी सांधली जाणारी नव्हती.

१५४६ साली सांगाल्लो वारला, आणि काम मायकेलॅन्जेलोकडे आले. त्याचे वय तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्याने वेतन घेण्याचे नाकारले आणि आधीच्या माणसांनी वाढवून ठेवलेला पसारा निर्दयपणे छाटून टाकला. १५५८ ते १५६१ या काळात त्याने घुमटाची मोठी लाकडी प्रतिकृती करवून घेतली, कारण आपण घुमट पाहण्यास जगणार नाही हे त्याला कळून चुकले होते. तसेच झाले. १५६४ च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा घुमटाखालचा नळकांड्यासारखा भाग बहुतेक पुरा झाला होता. घुमट मात्र कागदावर आणि लाकडात होता.

यापुढे चोवीस वर्षे घुमटाचे घोडे तसेच अडले. नंतर पाचवा सिक्स्टस हा घाईचा पोप आला. याच पोपने १५८६ साली सव्वातीनशे टन वजनाचा मिसरी दगडी स्तंभ सेंट पीटरसमोरच्या चौकात हलवून आणवला होता. त्यासाठी नऊशे माणसे आणि शेदीडशे घोडे जुंपले होते. ते काम करणारा दोमेनिको फोन्ताना आणि वास्तुशिल्पी जाकोमो देल्ला पोर्ता या दोघांना त्याने घुमटाचे काम दिले. सुमारे आठशे कामगार लागले, आणि जे काम दहा वर्षे चालेल असे लोकांना वाटत होते ते बावीस महिन्यांत, १५९० च्या मे महिन्यात, आटोपले. सिक्स्टस त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला. घाई का होती ते उघड आहे.

हा घुमट विटांचा आहे, आणि तो दुहेरी आहे. आत एक कवच, बाहेर दुसरे, त्यांना जोडणाऱ्या सोळा फासळ्या, आणि दोन कवचांच्या मधून वर जाणारा जिना. व्यास सुमारे ४२ मीटर, पॅन्थिऑनहून किंचित कमी. पण पॅन्थिऑन जमिनीवर बसले आहे, आणि हा घुमट चार खांबांवर, आकाशात चढवला आहे. क्रूसाच्या टोकापर्यंतची उंची ४४८ फूट भरते. देल्ला पोर्ताने घुमटाचा आकार अर्धगोलाहून थोडा निमुळता, वर ओढलेला असा केला. मायकेलॅन्जेलोच्या मनात कोणता आकार होता यावर पंडितांचे एकमत नाही. मला स्वतःला वाटते, की निमुळत्या घुमटाचा बाहेरचा रेटा कमी असतो हे देल्ला पोर्ताला कामाच्या जागेवर उभे राहून कळले होते, आणि त्याने धन्याच्या शब्दापेक्षा घुमटाचे हित पाहिले. त्याने बांधकामात लोखंडी कडीही घातली. जगाने श्रेय दिले ते मायकेलॅन्जेलोला. देल्ला पोर्ताचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी आज प्रथमच ऐकले असेल?

आणि मग भेगा दिसू लागल्या.

प्रथम कुजबूज सुरू झाली ती बर्निनीच्या नावाने. हा सतराव्या शतकातला मोठा शिल्पकार. त्याने ब्रामान्तेच्या त्या चार खांबांत पुतळ्यांसाठी कोनाडे सजवले आणि जिने केले, त्यामुळे खांब पोकळ झाले आणि घुमट चिरला, असे लोक म्हणू लागले. १६८० साली बर्निनी वारला. १६८२ साली बाल्दिनुच्चीने त्याचे चरित्र लिहिले, त्यात या आरोपाचे खंडन करणे त्याला भाग पडले. पण भेगा खंडनाने बुजत नाहीत. १७०३ साली मध्य इटलीत मोठे भूकंप झाले, रोमही हादरले. पुढच्या चाळीस वर्षांत भेगांची चर्चा इतकी वाढली, की घुमट आज पडतो की उद्या, अशी बोलणी रस्त्यात ऐकू येऊ लागली. जगभरच्या कॅथलिकांचे हे मुख्य मंदिर. ते कोसळणे म्हणजे नुसती इमारत कोसळणे नव्हते, हे पोपच्या मनात असणारच. प्रॉटेस्टंट देशांत त्या दिवशी काय बोलले गेले असते त्याची कल्पना करा!

पोप चौदावा बेनेडिक्ट हा विद्येचा चाहता होता. १७४२ साली त्याने एक नवीच गोष्ट केली. गवंडी आणि वास्तुशिल्पी यांचा सल्ला तर चालूच होता. त्याखेरीज त्याने तीन गणितज्ञांना बोलावले. टोमा ल सर आणि फ्रान्स्वा झाकिए हे दोन फ्रेंच भिक्षू. यांनी न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ची सटीप आवृत्ती नुकतीच काढली होती. तिसरा रॉजर बोस्कोविच, हल्लीच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिकचा जेझुइट, हा त्या काळातला मोठा बुद्धिमान माणूस. तिघेही धर्मगुरू, आणि तिघेही न्यूटनचे अभ्यासक.

त्यांनी घुमट चढून भेगा पाहिल्या, मोजल्या. घुमट खाली बसू पाहतो आहे, त्याचा पायथा बाहेर सरकतो आहे, आणि त्याबरोबर आधाराच्या भिंती बाहेर कलत आहेत, असे चित्र त्यांनी मांडले. मग घुमट थोडा खाली आला तर त्याच्या वजनाने किती काम होईल, आणि कडी व भिंती त्याला किती अडवतील, याचा हिशेब केला. हिशेबात तूट निघाली. रेट्यापेक्षा रोध तीस लाख रोमन पौंडांहून अधिक कमी! म्हणून नवी लोखंडी कडी बसवलीच पाहिजेत, असा त्यांनी निवाडा दिला.

यावर रोममध्ये केवढा गदारोळ उठला! लोक म्हणाले, मायकेलॅन्जेलोला गणित येत नव्हते आणि तरी त्याने घुमट योजला; तर मग दुरुस्तीला गणित कशाला? दुसरे म्हणाले, यांचा हिशेब खरा असता तर घुमट केव्हाच पडायला हवा होता. तो उभा आहे त्या अर्थी हिशेब खोटा. श्रोतेहो, या दुसऱ्या आक्षेपात तथ्य होते. गणितज्ञांनी धरलेली चौकट फार साधी होती, आणि तूट त्यांनी फुगवली होती. पण पहिल्या आक्षेपाबद्दल मात्र मला बोलावेसे वाटते. अनुभवाने बांधलेली वस्तू अनुभवानेच दुरुस्त होते, हे खरे. पण जेव्हा तसला अनुभवच कोणाच्या गाठी नसतो, तेव्हा काय करावयाचे? दीडशे वर्षांपूर्वी घाईने बांधलेला, सोळा फासळ्यांचा, दुहेरी कवचाचा, एवढ्या उंचीवरचा दुसरा घुमट पृथ्वीवर नव्हता. ज्याने तसला दुसरा घुमट दुरुस्त केला आहे असा एकही गवंडी नव्हता. त्या तिघांचा आकडा चुकला असेल. पण उभ्या असलेल्या इमारतीला आकड्यांनी प्रश्न विचारण्याचे धाडस त्यांनी केले. बांधकामाच्या व्यवहारी प्रश्नाला बलगणित लावण्याचे हे अगदी पहिले उदाहरणांपैकी एक, असे आज स्थापत्याचे इतिहासकार मानतात.

पोपने गदारोळाला भिऊन कागद गुंडाळून ठेवले नाहीत. १७४३ साली त्याने पादुआच्या विद्यापीठातून जोव्हान्नी पोलेनी याला बोलावले. पोलेनी गणिताचा अध्यापक खरा, पण पाटबंधारे, यंत्रे, जुनी रोमन वास्तुकला या सर्वांत त्याचे हात काळे झालेले होते. त्याने काय केले ते मला फार आवडते. सत्तर वर्षांपूर्वी, १६७५ साली, लंडनच्या रॉबर्ट हूकने एक कोडे छापले होते. त्याचा उलगडा असा, की लोंबती दोरी जो आकार घेते तोच आकार उलटा केला की उत्तम कमान होते. दोरीत नुसता ताण असतो. उलटे केले की त्याच जागी नुसता दाब येतो, आणि दगडाला दाबच तर सोसतो!

पोलेनीने मनाने घुमटाच्या, आपण कलिंगडाच्या करतो तशा, उभ्या पन्नास फाका केल्या. समोरासमोरच्या दोन फाका म्हणजे एक कमान. या कमानीचे त्याने बत्तीस तुकडे कल्पिले, प्रत्येकाचे वजन काढले, आणि त्या प्रमाणात बत्तीस लहानमोठी वजने एका दोरीला बांधून ती दोरी लोंबकळत सोडली. माथ्यावरच्या मनोऱ्याचे वजनही त्यात धरले. दोरीने जो आकार घेतला तो उलटा करून त्याने घुमटाच्या उभ्या छेदाच्या नकाशावर ठेवला. रेषा घुमटाच्या जाडीच्या आतच राहिली, कोठेही बाहेर गेली नाही. म्हणजे फाका एकमेकींपासून सुट्या झाल्या, भेगांनी वेगळ्या पडल्या, तरी प्रत्येक जोडी आपापली कमान म्हणून उभी राहील. घुमट मरणार नाही. त्याला म्हातारपण आले आहे इतकेच. पॅन्थिऑनच्या भेगांची आठवण ठेवा असे मी मघाशी म्हणालो ते यासाठी. तेथेही तेच झाले आहे: घुमट भेगाळला आणि कमानींचा समूह होऊन उभा राहिला.

गंमत अशी, की निदान निराळे असूनही औषध एकच निघाले. भेगा आणखी रुंदावू नयेत म्हणून कडी घालावीत, असेच पोलेनीनेही सांगितले. त्यासाठी त्याने लोखंडाच्या तुकड्यांना ताण देऊन ते किती ओझ्याला तुटतात याचे प्रयोग केले. १७४३-४४ मध्ये वास्तुशिल्पी लुइजी व्हान्व्हितेल्ली याच्या देखरेखीखाली पाच कडी बसली. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो तेव्हा ती तापवून चढवतो आणि थंड झाली की ती आवळते. एवढ्या मोठ्या घुमटाला तापलेले कडे कोण चढवणार? कड्याचे लांब तुकडे एकमेकांत अडकवून, सांध्यांत पाचरी ठोकून ते आवळले. काम चालू असता देल्ला पोर्ताच्या वेळचे एक जुने कडे तुटलेले सापडले. तेव्हा १७४८ साली सहावे कडे घातले. त्याच वर्षी पोलेनीने या सर्व प्रकरणाचा मोठा ग्रंथ छापला, आणि त्यात आपल्या विरोधकांची मतेसुद्धा प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. आज स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी जुन्या घुमटांचे बळ तपासतात ते पोलेनीच्या दोरीच्याच मार्गाने. फक्त दोरीची जागा संगणकाने घेतली आहे.

बाकीच्या घुमटांविषयी थोडे बोलतो. सगळे सांगू लागलो तर वसंत संपून पावसाळा येईल.

सांत आन्द्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चचा घुमट कार्लो मादेर्नोने १६२२ च्या सुमारास पुरा केला. हे थिआटिन नावाच्या धर्मसंघाचे मुख्य ठाणे. याच संघाचे इटालियन धर्मगुरू १६४० साली गोव्यात आले आणि जुन्या गोव्यात त्यांनी सेंट कॅजेटनचे चर्च बांधले. ते सेंट पीटरच्या नमुन्यावर आहे. तेव्हा ज्यांना रोमची वारी घडणे शक्य नाही त्यांनी पणजीहून मांडवीच्या काठाने जुन्या गोव्यापर्यंत जावे. लहान प्रमाणावर का होईना, तो घुमट जांभ्या दगडाच्या देशात पाहावयास मिळेल.

पोपोलो चौकात दोन जुळी चर्चे आहेत. समोरून पाहिले तर दोन्ही घुमट हुबेहूब सारखे दिसतात. खरे तर जागा सारख्या रुंदीच्या नव्हत्या. म्हणून रैनाल्दीने एकावर वाटोळा आणि दुसऱ्यावर लंबवर्तुळाकार घुमट योजून डोळ्यांची समजूत काढली. त्याहून मोठी फसवणूक सांत इग्नात्सिओमध्ये आहे. तेथे घुमट बांधायचा राहिला. पैसे नव्हते असे काही म्हणतात. शेजारच्या मठाच्या ग्रंथालयाचा उजेड अडेल अशी तक्रार होती असे दुसरे म्हणतात. १६८५ साली आन्द्रेआ पोत्सो या जेझुइट चित्रकाराने कापडावर घुमट रंगवून तो छताला लावून दिला! एका ठरावीक जागी उभे राहिले की तो खरा वाटतो. चार पावले पुढे गेले की कलंडतो. भेगा पडण्याची भीती नसलेला रोममधला हा एकच घुमट.

विसाव्या शतकात पिएर लुइजी नेर्व्ही या अभियंत्याने १९६० च्या ऑलिम्पिकसाठी एक क्रीडामंदिर बांधले. १९५७ साली पुऱ्या झालेल्या या घुमटाचा व्यास सुमारे साठ मीटर असून, जमिनीवर आधी ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या पातळ तुकड्यांचा तो जोडलेला आहे. त्याचा रेटा सभोवार उभ्या असलेल्या, वाय या इंग्रजी अक्षराच्या आकाराच्या छत्तीस तिरप्या खांबांनी थेट जमिनीत उतरवला आहे. पॅन्थिऑनच्या कर्त्यांनी जो रेटा वजनाने दाबला, देल्ला पोर्ताने लोखंडाने आवळला, त्याला नेर्व्हीने वाटच करून दिली.

आणि टायबर नदीच्या काठी एक चौकोनी घुमट आहे. रोममध्ये ज्यू लोक ख्रिस्ती धर्माच्याही आधीपासून राहात आले. १५५५ साली पोप चौथा पॉल याने त्यांना नदीकाठच्या एका दमट वस्तीत भिंती घालून कोंडले. तेथे एकाच प्रार्थनागृहाची परवानगी असल्याने त्यांच्या पाच निरनिराळ्या मंडळ्यांनी एका छपराखाली पाच दालने थाटली. हे १८७० पर्यंत चालले. त्या साली रोम इटलीच्या राज्यात आले आणि ज्यूंना बरोबरीचे नागरिकत्व मिळाले. जुनी वस्ती पाडली गेली आणि १९०४ साली तेथे मोठे प्रार्थनामंदिर उभे राहिले. त्याच्यावर घुमट घातला तो मुद्दाम चौकोनी, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा. म्हणजे शहरातल्या शेकडो वाटोळ्या घुमटांत तो कोठूनही ओळखू यावा. सेंट पीटरच्या शिखरावरून नदीच्या दिशेने पाहिले की तो नजरेत येतो. या दोन घुमटांमधले अंतर पायी तासाभराचेही नाही. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरा जॉन पॉल ते ओलांडून त्या चौकोनी घुमटाखाली आला, आणि रोमचे मुख्य रब्बी एलिओ तोआफ यांनी दारात त्याचे स्वागत केले.